तडा तिथी पाहत नाही

कोणत्याही गोष्टीची काळजी घ्यायची म्हणजे तिला वर्षातला एक दिवस नेमून द्यायचा, असा आपल्याकडे प्रघात आहे. बैलांना पोळा, नागोबाला पंचमी, हत्यारांना खंडेनवमी, चोपड्यांना लक्ष्मीपूजन. त्या दिवशी हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला की उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा भार देवावर टाकून आपण मोकळे! सणांविषयी माझी मुळीच तक्रार नाही. दसऱ्याला माझ्या वर्गातली पोरे पाटीवर सरस्वती काढतात तेव्हा मीही हात जोडतो. माझी तक्रार आहे ती सणाची ही रीत कामात शिरली त्याबद्दल. पुलाची तपासणी वर्षातून एकदा, गाडीची तपासणी वर्षातून एकदा, शाळेच्या छताची तपासणी साहेबांना सवड होईल तेव्हा एकदा. आणि प्रत्येक तपासणीखाली तोच एक शेरा : 'ठीक आहे.' काय ठीक आहे, कशावरून ठीक आहे आणि किती दिवस ठीक राहणार आहे, हे विचारणारा माणूस मात्र चौकस नव्हे, आगाऊ ठरतो.

वाचकहो, हा आगाऊपणा मी आज करणार आहे, आणि तोही विमानाच्या बाबतीत. चिवड्याचा बकाणा भरता भरता विमानाच्या पत्र्याला जाणाऱ्या तड्याविषयी वाचायचे म्हणजे जरा विपरीतच! शिवाय 'मास्तर, तुम्ही मॅट्रिक. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात पोरांना पाढे शिकवता, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिता. तुम्हाला विमानातले काय कळते?' हा प्रश्न येणार, हेही मी जाणून आहे. त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. आमच्या भागातल्या माणसाला मोठे विमान पकडायचे तर पुणे नाहीतर हैदराबाद गाठावे लागते, हे खरे. पण आज उमरग्याचा पोरगा दुबईला कामाला जातो, कळंबची लेक परदेशी शिकायला जाते, आणि तुळजापूरची आजी पहिल्यांदा विमानात बसताना आई भवानीचे नाव घेते. ज्या पत्र्याच्या भरवशावर ही माणसे आकाशात बसतात, तो पत्रा कोण, कधी आणि कोणत्या हिशेबाने तपासतो, हे विचारण्याला पदवी लागत नाही. आणि उत्तर समजून घ्यायला जे लागते ते त्रैराशिक मी रोज फळ्यावर शिकवतो.

आधी तडा म्हणजे काय ते पाहू. कुंपणाची तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एका जागी दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकवली की कट्‌कन मोडते. जोर तेवढाच, किंबहुना कमीच. मोडते ती पुन्हापुन्हा वाकवल्याने. याला धातूचा थकवा म्हणतात. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर ट्रकचा पाटा तुटतो, ट्रॉलीचा एक्सल मोडतो आणि मालक कपाळावर हात मारून म्हणतो, 'काल तर चांगला होता हो!' काल तो चांगला नव्हता. काल तो अर्धा तुटलेला होता. फक्त कोणी पाहिले नव्हते. तुटलेला तुकडा गॅरेजवाल्याला दाखवा. एक भाग घासून गुळगुळीत, काळपट झालेला आणि दुसरा ताजा, खरबरीत, चकाकणारा. तो लगेच सांगेल, 'मास्तर, हा जुना तडा होता. आज फक्त उरलेला भाग गेला.'

हे ज्ञान काल-परवाचे नाही. जर्मनीतल्या हार्ट्‌झच्या खाणींतून माल ओढणाऱ्या साखळ्या का तुटतात, हे विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने साखळ्यांना पुन्हापुन्हा ताण देऊन पाहिले आणि १८३७ साली प्रसिद्ध केले. पुढे ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या कण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. म्हणजे विमान उडण्याच्या कितीतरी आधी लोखंड थकते हे माणसाला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत मात्र फार मोठे अंतर असते, आणि त्या अंतरात माणसे मरतात.

विमानाचे असे असते की ते वर चढले म्हणजे बाहेरची हवा विरळ होते, म्हणून आत हवा दाबून भरावी लागते. त्या दाबाने विमानाचे धड अगदी किंचित फुगते. खाली उतरले की पुन्हा सैल पडते. एक उड्डाण म्हणजे एक श्वास. दिवसाला पाच-सहा श्वास, वर्षाला दोन हजार. प्रत्येक श्वासाला पत्रा तसूभरही नाही इतका ताणला जातो. पण खिडकीचा कोपरा, रिवेटचे भोक, दोन पत्र्यांचा जोड अशा जागी तो ताण गोळा होतो, आणि तिथे एखाद्या दिवशी केसाएवढी चीर पडते.

ब्रिटिशांचे 'कॉमेट' हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. २ मे १९५३ रोजी त्यांतले एक कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडाले आणि वादळात मोडून पडले; ४३ माणसे गेली. दोष वादळावर गेला. १० जानेवारी १९५४ रोजी दुसरे कॉमेट रोमहून निघून एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ माणसे गेली. आता मात्र विमाने थांबवली गेली. तज्ज्ञ बसले, संभाव्य कारणांची यादी झाली, पन्नासावर सुधारणा झाल्या. फक्त खरे कारण काय ते कोणालाच कळलेले नव्हते! तरीही २३ मार्चला विमाने पुन्हा उडू लागली, आणि ८ एप्रिलला, म्हणजे अवघ्या सोळा दिवसांनी, तिसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेले. आणखी २१ माणसे! मग फार्नबरोला एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या धडात पाण्याचा दाब भरायचा आणि काढायचा, भरायचा आणि काढायचा, असा प्रयोग सुरू झाला. आधीची खरी उड्डाणे धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर त्याचे धड खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटले. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची तेराशेही उड्डाणे झालेली नव्हती. बनवणाऱ्यांना तर ते त्याच्या कितीतरी पट टिकेल अशी खात्री होती!

यावर कोणी म्हणेल, 'तो बाल्यावस्थेतला काळ होता. आता शास्त्र पुढे गेले आहे.' पुढे गेले आहे, कबूल. कसे गेले आहे तेच मला सांगायचे आहे, कारण सारा मुद्दा तिथेच आहे.

पूर्वी विचार असा होता, की एक आधार मोडला तर दुसरा आधार धरील असे विमान बांधावे. उत्तम! पण पहिला आधार मोडला आहे हे कोणी पाहिलेच नाही, तर दुसरा आधार किती दिवस एकट्याने संसार ओढणार? १४ मे १९७७ रोजी झांबियातल्या लुसाकाजवळ एका जुन्या मालवाहू बोईंग ७०७ ची आडवी शेपटी उतरता उतरता तुटून पडली आणि आतली सहाही माणसे ठार झाली. शेपटीला पर्यायी आधार होता. पण तडा वेळेवर हुडकून काढणारी तपासणी नव्हती. त्याच सुमारास विचार बदलला आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नियम बदलला. नवा नियम म्हणतो : तडा जाणारच, असे धरून चाला. मग तीन प्रश्नांची उत्तरे द्या. तडा कुठे जाईल? तुमच्या साधनाला कमीत कमी किती लांबीचा तडा दिसतो? आणि तेवढ्या तड्याचा घातक तडा व्हायला किती उड्डाणे लागतात?

आता त्रैराशिक. समजा, दिसण्याजोग्या तड्यापासून घातक तड्यापर्यंत दहा हजार उड्डाणे लागतात. मग तपासणी किती उड्डाणांनी करायची? 'दहा हजारांनी,' असे वर्गातला उतावळा मुलगा सांगेल. चूक! तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी तडा दिसण्याइतका झाला, तर पुढची तपासणी आणि अपघात एकाच दिवशी येतील. म्हणून फार तर पाच हजारांनी, आणि जागा नाजूक असेल तर तीन हजारांनी; म्हणजे एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याला संधी राहते. नजर चुकतेच. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळून शंभरावर माणसे मेली. इंजिनातली फुटलेली चकती आदल्या वर्षी तपासली होती. तेव्हाही तिला तडा होता, दिसण्याजोगा होता, आणि तरी तो निसटला, असे चौकशीत निघाले. त्यात आणखी एक पेच आहे. तडा सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. आधी वर्षानुवर्षे कळत नाही आणि शेवटी एका रात्रीत घर बुडते. म्हणून 'गेल्या खेपेला एवढाच होता, या खेपेलाही फार नसेल' हा अदमास इथे चालत नाही.

तेव्हा पाहा, तपासणीचा दिवस ठरवायचा अधिकार कोणाला आहे? कंपनीच्या व्यवस्थापकाला नाही, सरकारी अधिकाऱ्याला नाही, पंचांगाला तर नाहीच. तो अधिकार तड्याला आहे! त्याची चाल जितकी जलद, तितके आपले डोळे वारंवार उघडले पाहिजेत. साधन चांगले असेल, रंग झिरपवून, विजेच्या भोवऱ्यांनी किंवा कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने बारीक तडा दिसत असेल, तर दोन तपासण्यांत अंतर जास्त चालेल. साधन म्हणजे नुसती बॅटरी आणि डोळा असेल, तर अंतर कमी करावे लागेल. गरिबाने कमी वेळा तपासावे असे आपल्याकडे मानतात; हिशेब सांगतो, ज्याचे साधन गरीब त्याने जास्त वेळा तपासावे.

आणि मोजायचे काय, तेही तड्यालाच विचारावे लागते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर चोवीस हजार फुटांवर उडणाऱ्या एका बोईंग ७३७ चे छप्पर सुमारे अठरा फूट उचकटून गेले. एक हवाई सुंदरी आकाशात फेकली गेली. बाकीचे प्रवासी डोक्यावर उघडे आभाळ घेऊन कसेबसे जमिनीवर आले. ते विमान एकोणीस वर्षांचे होते. तासांनी मोजले तर त्याने पस्तीस हजारांवर तास काढले होते, फार नव्हेत. पण या बेटावरून त्या बेटावर टुणटुण उड्या मारताना त्याची उड्डाणे मात्र ८९,६८० झाली होती! घड्याळ एक सांगत होते आणि पत्रा दुसरेच भोगत होता. त्यात समुद्राची खारी हवा. याच अपघातातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ तडा दिसला होता. त्याने तो कोणालाही सांगितला नाही. का? मला ते कारण सांगावे लागत नाही. आपण मध्येच कशाला बोला! एवढी मोठी कंपनी, त्यांना कळत नसेल का! हा संकोच काही अमेरिकेची मिरासदारी नाही. आपल्या घराघरांत तो वाढतो.

हिशेबाने वागले की काय होते तेही सांगतो. २०१९ मध्ये बोईंग ७३७ च्या नव्या पिढीच्या काही विमानांत पंख आणि धड जोडणाऱ्या भागाला तडे आढळले. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी आज्ञा काढली : तीस हजार किंवा त्याहून अधिक उड्डाणे झालेली विमाने सात दिवसांत तपासा, २२,६०० च्या पुढची विमाने पुढच्या एक हजार उड्डाणांच्या आत तपासा. विमाने उभी राहिली, तडे सापडले, भाग बदलले गेले. वर्तमानपत्रांत दोन दिवस आले आणि विसरले गेले. न झालेल्या अपघाताचा पुतळा कोणी उभारत नाही.

पण हिशेब एकदा मांडला की तो ब्रह्मवाक्य झाला, असेही नव्हे. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत लुइव्हिलला एका मालवाहू विमानाचे डावे इंजिन उड्डाणाच्या क्षणी पंखापासून निखळले. विमानातले तिघे आणि जमिनीवरची आपापल्या कामात असलेली माणसे मेली. जोडाच्या तुटलेल्या भागांत थकव्याचे तडे होते, असे प्राथमिक अहवालात आले. विमानाची उड्डाणे झाली होती २१,०४३. आणि त्या जागेची खास तपासणी ठरली होती ती अठ्ठावीस हजारांच्याही पुढे! विमान चौतीस वर्षांचे. वेळापत्रकाप्रमाणे तपासणीला अजून कितीतरी अवकाश होता. तड्याने वेळापत्रक वाचलेले नव्हते. म्हणून ज्या कोणाला 'कागदोपत्री मुदत संपलेली नाही' असे म्हणून झोपायचे असेल, त्याने ही दोन आकड्यांची वजाबाकी उशाशी ठेवून झोपावे.

आता जमिनीवर या. आपले पूल थकव्यानेच पडतात असे नाही. कुणाला गंज खातो, कुणाला पूर. पण न पाहण्याचा रोग तोच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला आणि दोन एस. टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि धोका नाही असे म्हटले गेले होते! १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल घरी निघालेल्या माणसांसह खाली आला. त्याचीही रीतसर तपासणी झाली होती, आणि किरकोळ डागडुजी पुरे, असा निर्वाळा मिळाला होता. दोन्ही ठिकाणी तपासणी 'झाली' होती. पाहिले गेले नव्हते, एवढेच!

आणि आपल्याला जमत नाही असेही नाही. आमच्या धाराशिववरून जाणाऱ्या लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रूळ घ्या. रुळाच्या पोटातला तडा बाहेरून दिसत नाही, म्हणून रेल्वे तो ध्वनीच्या यंत्राने शोधते; आणि कोणता रूळ किती दिवसांनी तपासायचा हे त्यावरून किती वजन धावले त्यावर ठरवते. ज्याने जास्त भार वाहिला त्याच्याकडे जास्त वेळा पाहायचे. शिवाय चावीवाला हातोडा-पाना घेऊन उन्हातान्हात रोज आपल्या हद्दीतून चालतो तो वेगळाच. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांची दुरुस्ती होते. तिथे मराठी पोरे रात्रपाळीला बॅटरी घेऊन पंखाच्या पोटात शिरतात. एक रिवेट, दुसरा रिवेट, तिसरा. हजार रिवेट पाहायचे आणि नऊशे नव्याण्णव ठिकाणी काही सापडायचे नाही. कादंबरीत असला माणूस नायक म्हणून चालत नाही, हे मी धंद्याने जाणतो. पण त्याची नजर हजाराव्या रिवेटवर पहिल्याइतकीच ताजी ठेवायची असेल तर त्याला झोप, उजेड, वेळ आणि 'मला शंका आहे' असे बिनदिक्कत म्हणण्याची मुभा दिली पाहिजे.

ती मुभा देतो कोण? इथे मी कंपन्यांना आणि सरकारला सोडून तुमच्या-माझ्याकडे वळतो. विमान तपासणीसाठी दोन तास थांबले की आरडाओरड करणारे आपणच! 'पैसे मोजलेत आम्ही!' म्हणून त्या काउंटरमागच्या पोरीला रडवणारे आपणच. गाडी रस्त्यात थांबवून चाक बघणाऱ्या ड्रायव्हरला 'अहो, चला की, मुहूर्त टळतोय' म्हणणारे आपणच. तडा दाखवणाऱ्याला 'तुझ्या तोंडात नेहमी अशुभ!' म्हणून गप्प करणारेही आपणच. आणि माणसे मेली की 'त्यांची वेळ भरली होती' असे म्हणून डोळे पुसणारेही आपणच. वेळ माणसांची भरली नव्हती हो! वेळ तपासणीची भरली होती, आणि ती कोणी तरी पुढे ढकलली होती. या 'नशिबा'च्या गोधडीखाली किती आळस आणि किती पैशांचा लोभ बिनघोर झोपला आहे, याचा हिशेब एकदा मांडा.

'मास्तर, रोज सगळे तपासत बसलो तर कामे कधी करायची?' हा शेवटचा आक्षेप उरतो. रोज सगळे तपासा असे मी म्हणत नाही. विमानशास्त्रही म्हणत नाही. उगाच उघडझाप केली तर चांगला जोडही बिघडतो. कुठे पाहायचे ते आधी ठरवा, काय दिसले तर थांबायचे ते ठरवा, आणि केव्हा पाहायचे ते भारावरून ठरवा. मग ठरलेल्या दिवशी साहेब रजेवर असो, निवडणूक असो की दिवाळी असो, पाहा. न पाहता सही करणाऱ्याला शिक्षा करा. पाहून शंका काढणाऱ्याला, ती खोटी ठरली तरी, शाबासकी द्या. आणि तपासणीचा कागद कपाटात कोंडू नका. पुलाच्या तोंडाशी, एस. टी.च्या दाराशी, शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा : शेवटचे केव्हा पाहिले, कोणी पाहिले, काय पाहिले, पुढे केव्हा पाहणार. चार ओळी! आमची चौथीतली मुले त्या वाचून दाखवतील, आणि तारीख उलटली असेल तर विचारतीलही. मुले विचारतात; त्यांना गप्प बसायला आपण शिकवतो.

लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून नवी वही उघडेल, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटेल. व्यापाऱ्याला नवी वही परवडते, कारण जुन्या वहीतली बाकी तो आधी पुढे ओढून घेतो; एक पैसाही सोडत नाही. पूल, गाडी, विमान यांच्या बाबतीत मात्र आपण वही नवी करतो आणि बाकी ओढायला विसरतो. ती बाकी धातू विसरत नाही. यंदा वही पूजताना एवढे करा : आपल्या गावचा पूल, पोरांची शाळा, रोजची एस. टी., यांतली एक कोणतीही वस्तू निवडा आणि तिची शेवटची तपासणी केव्हा झाली ते संबंधितांना लेखी विचारा. उत्तर आले तर ठेवून द्या. नाही आले, तर पुन्हा विचारा.